पदर आणि मागचं चाक

लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा त्या घरात सायकलही नवी होती आणि मीही. पिंपरीला औषधांचा कारखाना निघाला होता. तिथं यांना काम लागलं आणि जायला-यायला सायकल आली. माझं माहेर चाकणचं. सुट्टीच्या दिवशी हे मला मागच्या कॅरिअरवर बसवून भोसरी-मोशीवरून माहेरी न्यायचे. सासूबाईंना ते फारसं रुचायचं नाही. पण निघताना माझा पदर स्वतःच्या हाताने घट्ट खोचून द्यायच्या.

तरी एकदा मोशीच्या उतारावर पदर सुटला आणि चाकात गेला. कुणीतरी मागून मानेला धरून खेचतंय एवढंच मला कळलं. पुढच्या क्षणी आम्ही दोघंही रस्त्याकडेच्या मातीत. माझं कोपर सोलवटलं, लुगडं फाटलं. हे माझ्याकडे न बघता चाकाकडेच बघत राहिले. मला राग आला. मग त्यांनी चाकातला पदराचा फाटका तुकडा सोडवून माझ्या कोपराला बांधला.

घरी आल्यावर म्हणाले, "मागं बसायचंच बंद कर आता."

"मग चाकणला काय चालत जाऊ?" मी म्हटलं.

तेव्हा मी सासूबाईंच्या बाजेची सैल झालेली सुतळी आवळत बसले होते. बोलता बोलता मनात आलं, चाकाच्या अंगाला अशीच वीण असली तर पदर आत शिरेल कुठून? तसं बोलूनही गेले. दुसऱ्या दिवशी हे जाड तार घेऊन आले. चाकाच्या मापाची कमान वाकवून त्यांनी ती मडगार्डला पक्की केली आणि मी तिच्यात सुतळी विणली. पहिली वीण सैल पडून चाकाच्या तारांना घासायला लागली. ती उसवून पुन्हा विणली. मग मी मुद्दाम पदर मोकळा सोडून बसले. तो जाळीवर नुसता फडफडत राहिला.

कारखान्यातल्या एका साहेबांनी ती जाळी पाहिली. यांना म्हणाले, "याचं पेटंट घ्या. नाहीतर दुसरा कुणी घेईल."

संध्याकाळी यांनी घरात सांगितलं, "पेटंट घ्यायला पुण्याला जावं लागंल."

सासूबाई चपापल्या. "कुणाला काय झालंया?"

त्यांना पेटंट म्हणजे बाटलीतलं औषध एवढंच ठाऊक. हे समजावायला लागले, पण यांनाही ते नीट समजलेलं नव्हतं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आरं, मग पुण्याला कशापायी? तुज्या कारखान्यातच मिळंल की."

मला हसू आलं. पण पेटंट म्हणजे काय, हे मलाही सांगता आलं नसतं.

साहेबांनी सांगितलेले वकील पुण्याला कॅम्पात, एका जिन्यावरच्या खोलीत बसायचे. यांचं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "शोध कुणाचा?"

"हिचा," हे म्हणाले. त्याच वेळी मी म्हणाले, "यांचा."

"दोघांचा असेल तर दोघांची नावं घालू. पण कुणी काय शोधलं?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. वीण मला सुचली होती, पण कमानीशिवाय ती राहिली कशावर असती? वकील म्हणाले, "विचार करून या. अर्ज कलकत्त्याला जाईल. आणि तोवर ही वस्तू कुणाला दिसू देऊ नका, आधीच उघड झाली तर पेटंट मिळत नाही."

मागच्या चाकावरची वस्तू दिसू द्यायची नाही म्हणजे काय करायचं? आम्ही जाळीवर गोणपाट बांधलं. त्याने सायकल आणखीच नजरेत भरायला लागली. सायकल आजारी आहे का, असं गल्लीतले विचारू लागले. शेवटी यांनी कमानच काढून माळ्यावर टाकली आणि माझं मागं बसणं बंद झालं. सासूबाई म्हणाल्या, "पडू ने म्हून केलं, आन् आता लपवून ठिवताय व्हय?"

पुन्हा वकिलांकडे गेलो, तेव्हा त्यांच्या जिन्याजवळच्या बेकरीसमोर एक बायकांची सायकल उभी होती. तिच्या मागच्या चाकावर दोन्ही बाजूंनी काळे दोरे पंख्यासारखे ताणून बसवलेले. हे जागच्या जागी थांबले. तेवढ्यात फ्रॉक घातलेली एक म्हातारी बाई पाव घेऊन बाहेर आली. मी धीर करून विचारलं, "हे कुणी केलं?"

"केलं नाय, दुकानातून असंच आला. माझी मम्मीच्या सायकलला पण होता."

"पण तुमचा पदर..." मी बोलता बोलता थांबले.

ती हसली. फ्रॉकचा घेर चिमटीत धरून म्हणाली, "हा जातो ना आत! लहान होती तेव्हा मी पडली एकदा." मग माझ्या लुगड्याकडे बघून विचारलं, "तुझा पण जातो?"

मी मान हलवली. काय वाटत होतं ते मला आजही धड सांगता येत नाही. वाईट वाटत होतं आणि हसूही येत होतं. आपलं काहीतरी गेलं, पण ते नेलं कुणी? ही बाई तर माझ्यासारखीच पडलेली.

जिना चढून आम्ही वकिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग तुमच्यात वेगळं काय आहे ते सांगा. त्यावर बघू."

"आमची बाजेची वीण हाय," हे म्हणाले.

"त्या विणीमुळे जास्तीचं काय साधतं?"

पदर आत जात नाही, एवढंच मला सांगता आलं, आणि ते तर त्या काळ्या दोऱ्यांनीही साधत होतं. मग आम्ही नमस्कार करून उठलो.

परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत होते. खडकी गेल्यावर म्हणाले, "मला अजून वाटतं, ते आपणच केलं."

"केलंच आहे की."

"मग?"

मी पदर पुन्हा खोचून घेतला.

अर्ज काही झाला नाही. कमान माळ्यावरून उतरली आणि सायकलीवर बसली. गल्लीतल्या बायका वीण शिकायला यायच्या. त्यांच्या नवऱ्यांना हे तार वाकवून द्यायचे. एकीने सुतळीऐवजी लुगड्याचे काठ विणले, ते माझ्या जाळीपेक्षा छान दिसायचे. काम करता करता मी मध्येच थांबायचे. वाटायचं, त्या खोलीत आणखी दोन शब्द सुचले असते तर? पण कोणते शब्द, तेच कळायचं नाही. यांना विचारलं तर म्हणायचे, "मला ठाऊक असतं तर मीच बोललो नसतो का?"