दुहेरी शिवणीचा खांदा

जगातली निम्मी दुःखं चुकीच्या मुंढ्यामुळे होतात असं मनापासून मानणारा एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. मुंढा म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात तो गोल. दाजी गेली चाळीस वर्षं सदाशिव पेठेत ब्लाउज शिवतात आणि एवढ्या काळात त्यांनी कुणाच्या चेहऱ्याकडे फारसं पाहिलेलं नाही. लग्नाला गेले की नवरदेवाच्या शेरवानीचा खांदा बघतात आणि जेवताना माझ्या कानाशी लागतात, "डावीकडे पाऊण इंच उतरलाय. या मुलाचं काही खरं नाही." माझ्या लग्नाचा अल्बम त्यांनी एकदाच पाहिला, मिटला आणि विचारलं, "कोट भाड्याचा होता ना?" गिऱ्हाइकांशीही बोलणं असंच. कुणी म्हणालं, "काका, शुक्रवारी नक्की द्याल ना? शनिवारी लग्न आहे," तर हे टेपवरची नजर न काढता म्हणणार, "तारीख मला विचारून काढली होती का?" तरी कर्वेनगरहून बायका गर्दीच्या बसने त्यांच्याकडेच येतात, कारण दाजींचा ब्लाउज हात वर केला तरी पाठीत ओढत नाही.

याचं सगळं श्रेय ते कापण्याला देतात. शिवणं कुणालाही जमतं, कापणं जमत नाही, असं त्यांचं ठाम मत. म्हणून दुकानातली मोठी कात्री फक्त त्यांनी धरायची. ताई लग्न होऊन आली तेव्हापासून त्यांच्यासमोर बसून हूक लावते, काज करते, हातशिलाई घालते, पण कापडाला कात्री लावायची तिला मुभा नाही. एकदा दाजी तापाने फणफणले असताना तिने भीत भीत विचारलं होतं, "अहो, नुसतं अस्तर कापू का?" गोधडीतून उत्तर आलं, "मी गेलो की काप." ताई हसली आणि पुन्हा हूक लावायला बसली. मला मात्र त्यांचा राग आला होता, हे इथे कबूल करतो.

तर अशा माणसाचा उजवा खांदा फाटला. माळ्यावरून अस्तराचा तागा ओढताना आत काहीतरी टर्रकन झालं. कापड फाटल्याचा तो आवाज त्यांच्या सर्वांत ओळखीचा असूनही दाजींनी चार महिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. डाव्या हाताने उजवं कोपर उचलून धरायचं आणि कापायचं, असा उद्योग चालला होता. मग एका ब्लाउजची बाही तिरकी बसली. गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण दाजींनी तो ब्लाउज स्वतःहून परत मागवला, उसवला आणि मला फोन केला, "तुझ्या ओळखीत कोणी हाडांचा डॉक्टर आहे का रे?" इतका मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

डॉक्टर म्हणजे पस्तिशीतल्या एक बाई होत्या. खुर्चीत बसायच्या आधीच दाजी म्हणाले, "डॉक्टरबाई, तुमच्या ॲप्रनचा उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय." बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे पाहिलं. त्यांनी प्लास्टिकचा खांदा काढून समजावलं. हाडाला धरणारं स्नायूचं पट्टीसारखं टोक सुटलंय. बारीक छिद्रांतून दुर्बीण घालायची, हाडात दोरा ओवलेले छोटे खिळे बसवायचे आणि त्या दोऱ्यांनी ती पट्टी पुन्हा हाडाला शिवायची. शिवायची म्हटल्यावर दाजी खुर्चीत पुढे सरकले.

"एकेरी शिवण की दुहेरी?"

"दुहेरी. एक रांग आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. मधली पट्टी सपाट दाबून बसते."

"आणि गाठी?"

"बाहेरच्या रांगेला नाहीत."

"उत्तम. गाठ बोचते." मग जरा थांबून म्हणाले, "पण कापड जुनं आहे, बाई. जुन्या कापडात दोरा तुटत नाही, तो कापडच चिरून बाहेर येतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, आम्हाला नेमकी तीच भीती असते."

पुढची वीस मिनिटं दोघं टाक्यांवर बोलत बसले आणि बाहेर पेशंट खोळंबले. निघताना दाजींनी विचारलं, "मला परत कापता येईल?" बाई म्हणाल्या, "हात वर जाईल. ताकद किती येईल ते टाके धरल्यावर कळेल."

ऑपरेशन झकास झालं. हात गळ्यात अडकवायला एक झोळी मिळाली आणि हात व कूस यांच्यामध्ये एक जाड उशी. सहा आठवडे असंच राहायचं होतं. पाचव्या दिवशी दाजींना ती झोळी सहन होईना. "माप न घेता शिवलीय. घरंदाज माणसाने घालायची वस्तू आहे का ही?" ताई भाजी आणायला गेल्यावर त्यांनी डाव्या हाताने ती उसवली, उशी काढून टाकली आणि मशीनवर हात अंगाला चापून बसेल अशी नवी बेतली. वर पायपिंगसुद्धा लावलं. मी ती पाहिली तेव्हा, देवाशपथ, कौतुकच केलं.

तपासणीला गेल्यावर डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. "उशी कुठे आहे?"

"काढली. फिटिंगच येत नव्हतं."

"काका, उशीमुळे हात दूर राहतो, म्हणून टाक्यांवर ताण येत नाही. तुम्ही हात चिकटवलात आणि पट्टी ताणली."

कच्च्या शिवणीला ओढ देऊ नये हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. सोनोग्राफीसाठी तासभर बाहेर बसलो, तेवढ्या वेळात त्यांनी समोरून जाणाऱ्या एकाही माणसाचा खांदा पाहिला नाही. मला त्यांची भयंकर दया आली. शेवटी कळलं, की बाहेरची रांग शाबूत आहे, आतला एक टाका मात्र कापड चिरून सैल झालाय. पुन्हा शिवायची गरज नाही, पण ताकद थोडी कमीच येईल. घरी जाऊन त्यांनी डाव्या हातानेच उशी परत शिवली. ताईकडे फक्त सुईत दोरा ओवून मागितला.

आता हात छान वर जातो. भांग पाडता येतो, माळ्यावरचा डबा निघतो, दुकान चालू आहे. मोठी कात्री मात्र वीतभर चालली की थरथरते. परवा मी गेलो तेव्हा कुणाचं तरी भारी रेशीम पसरलेलं होतं, खडूच्या खुणा झाल्या होत्या. दाजींनी कात्री उचलली, ठेवली, पुन्हा उचलली आणि मुठीकडून ताईपुढे धरली. "घे."

ताईने पदर खोचला आणि मुंढ्याचा अख्खा गोल कुठेही न थांबता कापला. दाजींनी तुकडा घेतला, दुमडला, कडेला कड लावली, उजेडात धरून पाहिला.

"कुठे शिकलीस?"

"समोरच तर बसलेय इतकी वर्षं."

ते चप्पल घालून खाली उतरले, मी मागोमाग. कोपऱ्यावर आम्ही चहा घेतला. अर्धा कप झाल्यावर रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे रे. हा खांदा वीस वर्षं आधी फाटायला हवा होता."

मी ताईसाठी एक चहा वर पाठवायला सांगितला. दाजी म्हणाले, "नको, मीच नेतो," आणि उजव्या हातात कप घेऊन, न सांडता, जिना चढले.