लोह्याची किल्ली औशाच्या मशीनवर

नववीत शाळा सुटली. लातूरच्या एका छोट्या कंपनीनं मला केबल ओढायला घेतलं आणि तिथल्या इंजिनिअर मॅडमनी हळूहळू सर्व्हर बसवायला शिकवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. माझं गाव देगलूरच्या पल्याड, घरी जायचं म्हणजे अख्खा दिवस एसटीत. ही नोकरी गेली तर काय, हा विचार मी रोज डब्यासोबत घेऊन यायची.

आमचं काम हार्वेस्टरच्या पाळ्यांचं. लातूर, औसा, लोहा, अर्धापूर अशी चार शेतकरी केंद्रं मिळून यंत्रं वापरायची. सोयाबीनच्या काढणीत एकच यंत्र दोन गावांना कबूल झालं की भांडणं. कुणाचाच दुसऱ्याच्या वहीवर भरवसा नाही, म्हणून प्रत्येक केंद्रात एक सर्व्हर. पाळी पक्की व्हायला चारांपैकी तिघांनी आपापल्या गुप्त किल्लीनं, म्हणजे सर्व्हरमधल्या गुप्त आकड्यानं, सही करायची. एखादा बंद पडला किंवा खोटं बोलला, तरी बाकी तिघांवर काम भागतं.

लोह्याला लाईट सारखी जायची. तिथले ऑपरेटर काका फोनवर म्हणाले, "ताई, माझी किल्ली औशाच्या मशीनवर बी ठेवा की. आमची सही अडायला नको. औशाचा ऑपरेटर माझा साडूच हाय."

लग्नाला जाताना शिक्का शेजारच्या कारकुनाकडे देऊन जातात, त्यातलंच हे, असं मला वाटलं. ठेवली.

पुढं आणखी दहा केंद्रं जोडायचं ठरलं. एवढ्यांनी प्रत्येकाला निरोप धाडायचा तर सिस्टिम दमली असती. म्हणून एका केंद्रानं सगळ्यांच्या सह्या गोळा करून एकच गठ्ठा फिरवायचा, आणि ते काम आळीपाळीनं सगळ्यांकडे. मॅडम म्हणाल्या, "बाकी तू बसवलंस तसंच."

मला औशाच्या मशीनवर ठेवलेली लोह्याची किल्ली आठवली. कागदावर चार गोल काढून बघितलं. औशाच्या हातात दोन सह्या, स्वतःची आणि लोह्याची. त्यानं लातूरला एक गाव सांगितलं, अर्धापूरला दुसरं, तर दोन्हीकडं तीन-तीन सह्या भरत होत्या. यंत्र एक, पाळ्या दोन, दोन्ही पक्क्या. साडूनं तसं काही केलं नव्हतं, पण करता आलं असतं.

दोन दिवस कागद डब्याच्या पिशवीत लपवला. मग तो कागद मॅडमपुढं ठेवला.

"लाईट जाणार हे धरूनच चौथा ठेवलाय ना? मग कशाची काळजी होती तुला?"

"लोह्याची."

"आणि आता?"

"नोकरीची."

त्या हसल्या. "लोह्याला जा. जुनी किल्ली रद्द कर. नवी तिथंच बनव, तिथून बाहेर काढू नको."

लोह्यात काका तडकले. "म्हणजे माझ्या साडूवर भरवसा न्हाई व्हय?"

"काका, माझ्यावर बी न्हाई. मी तरी कुठं कॉपी घेतेय?"

किल्ली बनून झाली आणि लाईट गेली. थोड्या वेळात बॅटरीही बसली. "घ्या! आता?" काका म्हणाले. मी लातूरला फोन लावला. तिकडं पाळ्या बिनबोभाट पक्क्या होत होत्या.

तासाभरानं लाईट आली. लोह्याच्या सर्व्हरनं बाकी तिघांच्या सह्या तपासून राहिलेल्या नोंदी भरून घेतल्या. काका चष्मा वर करून यादी वाचत बसले.

"आमचा बी नंबर लागला की हो, आम्ही नसताना."

मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, "सोमवारी उदगीरला पहिलं नवीन केंद्र. सकाळी तयार राहा."