अर्धा इंच उतरता खांदा

आमच्या हिला माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, खांदा राहतो. पंचवीस वर्षं पुरुषांचे शर्ट शिवतेय. मी बसचा कंडक्टर होतो. रिटायर झालो, आता काजं-बटणं करतो आणि बोलणी खातो.

मशीनशेजारी मोबाइल उभा करून ही दिवसभर खऱ्या गुन्ह्यांच्या डॉक्युमेंटरी बघते. आधी म्हणायची, "असल्यांना सोडायचंच कशाला?" मग एक बघितली. साक्षीदार बाईने छातीठोकपणे 'हाच तो' असं सांगितलं आणि निरपराध माणूस अठरा वर्षं आत सडला. ही त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी उलटंच. साक्षीदार कचरला, आरोपी सुटला आणि त्याने आणखी एकीचा जीव घेतला. म्हटलं, घ्या आता!

आणि नेमकं ते हिच्याच गळ्यात आलं. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना जिन्यात ढकलून एक जण पर्स घेऊन पळाला. बाईंचं कमरेचं हाड मोडलं. खाली आमच्या शिलाईच्या दुकानात बसल्या बसल्या हिने त्या पळणाऱ्याची पाठ पाहिली. "उजवा खांदा अर्धा इंच उतरता," पोलिसांना सांगून मोकळी.

ओळख परेडला सहा जण होते. ही म्हणाली, "तोंडं नकोत, पाठी दाखवा." साहेब हसले, पण वळवलं सगळ्यांना. चौथ्यापाशी ही दोनदा जाऊन आली. "नाही सांगता येत," म्हणाली आणि बाहेर आली.

"अगं, पण तोच होता का?"

"खांदा तोच होता. माणसाचं मला काय ठाऊक?"

चौथा सुटला. आठवड्याने कापड घेऊन दुकानात हजर! "काकू, तुमच्यामुळे वाचलो. शर्ट शिवा." हिने माप घेतलं. अर्धा इंच. तो जाताच हिने मापांच्या जुन्या वह्या काढल्या. अर्धा इंच उतरते एकूण एकोणीस निघाले. त्यात पोस्टमन, दोन हमाल आणि मी. जन्मभर तिकिटांची पिशवी वागवली, दुसरं काय होणार!

"म्हणजे बरोबरच केलंस," मी म्हणालो.

"आणि तोच असला तर?" ती खेकसली.

संध्याकाळी आम्ही वर गेलो. बाईंनी विचारलं, "ओळखलंस ना गं त्याला?"

हिला रडूच फुटलं. "बाई, मी काय केलं ते माझं मलाच कळत नाही हो."

बाई छताकडे बघत म्हणाल्या, "मला तर पाठही दिसली नाही गं. तुझ्यावरच होतं सगळं."