वच्छलाबाईची चिंधी

बचत गटाच्या मेळाव्यातून हौसेनं आणलेली हातशिलाईची गोधडी तुमच्याही पलंगावर असेल. ती कोणी शिवली, हे तुम्ही विकणारीला विचारलं होतं का? रंग जाईल का, धुतल्यावर आटेल का, हे मात्र नक्की विचारलं असणार.

घाटंजीच्या आमच्या गल्लीत वच्छलाबाईच्या कोंबड्यांच्या पायात चिंध्या असत, म्हणून सगळे तिला चिंधीआत्या म्हणत. हातात ज्या गोधडीचं काम असेल, त्यातल्याच कापडाची एक पट्टी ती एखाद्या कोंबडीच्या पायात बांधायची आणि तशीच दुसरी पट्टी त्या गोधडीच्या कोपऱ्यात शिवायची. कोंबडी दुसऱ्याच्या खुराड्यात शिरली तरी वाद नको, आणि गोधडी परगावी गेली तरी तिची ओळख राहावी. "गोधडी काय अन् कोंबडी काय, घराबाहेर पडली का लोक आपलीच म्हणतेत," ती म्हणायची. "खूण पाहिजे, पोरी."

वाद तरीही व्हायचेच. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या कुंपणापलीकडे अध्यक्षबाईंचं परसदार होतं. त्यांचे यजमान कचेरीत, आणि त्या स्वतः बचत गटाच्या अध्यक्ष. सकाळ झाली की कुंपणावरून आवाज यायचा, "वच्छलाबाई, तुमच्या कोंबड्या पुन्हा आमच्या तुळशीत. आमच्याकडे हे चालत नाही, किती वेळा सांगायचं?" आत्या हातातला टाका न सोडता म्हणायची, "म्या त्याइले लय समजावलं, बाई. त्याइले जात समजत नाही. आता तुमीच सांगून पाहा." आम्ही अलीकडे तोंडात ओढणी कोंबून हसायचो. पलीकडे तोवर गोमूत्र शिंपडणं सुरू झालेलं असे.

मग एक दिवस बाईंना दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या. त्या कुंपणावरून ओरडल्या नाहीत. वळसा घालून पुढच्या दाराशी आल्या, उंबऱ्याबाहेर उभ्या राहून गोड बोलल्या आणि आत्याला गटात यायला सांगून गेल्या. आत्यानं पाणी दिलं, तर "आत्ताच पिऊन आले" म्हणाल्या. त्या गेल्यावर आत्या मला म्हणाली, "माही कोंबडी चालत नाही, गोधडी चालते." आणि हसली नाही.

यवतमाळच्या प्रदर्शनात उत्तम कारागिराचा सत्कार होणार होता. तेवढ्यासाठी आत्यानं ट्रंकेच्या तळातून आईचं पांढरं लुगडं काढलं. धम्मदीक्षा घेताना आई ते नेसली होती. इतकी वर्षं त्याला कोणी कात्री लावली नव्हती. आत्यानं त्याचे तुकडे केले, गोधडीच्या मधोमध बसवले आणि भोवती निळ्या दोऱ्यानं टाके घातले. पांढरी चिंधी कोपऱ्यात शिवली, जोडीची चिंधी ठिपक्याठिपक्यांच्या कवड्या कोंबडीच्या पायात गेली. "आईचं लुगडं कायले फाडलं?" मी विचारलं. ती म्हणाली, "मले एकडाव माह्यं नाव भोंग्यातून ऐकायचं हाय. अन् मायनं बी ऐकावं."

गठडी उचलायला मी सोबत गेले होते. गाळ्यावर अध्यक्षबाईंचा हात जोडलेला मोठा फोटो होता. आत्याला त्यांनी पडद्यामागे बसवलं. "तुम्ही घड्या घाला, पुढचं मी पाहते." एका गिऱ्हाईक बाईंनी हळूच विचारलं, "जुने कपडे कोणाकडचे? चांगल्या घरचेच ना?" अध्यक्षबाई म्हणाल्या, "आमच्याच घरचे. शिवायलाही मीच शिकवलं बायकांना." पडद्यामागे आत्याच्या पायाशी एक पिशवी पडली होती. तिच्यात कापून टाकलेल्या चिंध्या होत्या. प्रत्येक गोधडीचा कोपरा बोडका होता. मी जाब विचारला, तर बाई म्हणाल्या, "लोंबत होत्या. गिऱ्हाईकाला बरं दिसत नाही."

परीक्षक आले तेव्हा आत्या पडदा सारून पुढे झाली. "साहेब, ही गोधडी माही हाय."

"असं? खूण काय?"

"खूण घरी हाय. कवड्या कोंबडीच्या पायात."

मांडव हसला. परीक्षकही हसले. "मग आणा उद्या कोंबडी."

आत्या तेवढी हसली नव्हती. "आणतो ना," ती म्हणाली. एसटीत बसल्यावर तिनं मला विचारलं, टोपलीचं तिकीट लागते काय.

सकाळी तिनं खुराडं उघडलं. कोंबड्या सगळ्या होत्या. जिवंत, धडधाकट, दाणे मागत होत्या. फक्त एकीच्याही पायात चिंधी नव्हती. कुंपणातल्या पऱ्हाट्या एका ठिकाणी बाजूला सारलेल्या होत्या, माणूस आडवं होऊन शिरेल एवढ्या. आत्यानं टोपली उपडी घातली आणि तिच्यावर बसून राहिली. त्या दिवशी यवतमाळला भोंग्यातून नाव आलं ते अध्यक्षबाईंचं. वर्तमानपत्रात फोटोही आला. त्यांच्या हातात ती गोधडी होती आणि मधोमध ते पांढरं लुगडं स्पष्ट दिसत होतं.

मी बाबांच्या चळवळीच्या पत्रकांवर अक्षरं गिरवत वाढलेली मुलगी. बाबा म्हणायचे, अन्याय छापून काढला की निम्मा उघडा पडतो. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहायला बसले. आत्यानं विचारलं, "पत्रकानं कोंबडीच्या पायात चिंधी येते काय?" मी पेन खाली ठेवलं. तशी तीच म्हणाली, "लिही. पण माह्यं नाव खाली बारीक टाकू नोको. वर टाक."

त्यानंतर तिनं विकण्यासाठी टाका घातला नाही. कोंबड्या आठवडी बाजारात देऊन टाकल्या. अध्यक्षबाईंची तुळस आता चांगली वाढली आहे. यंदाच्या थंडीत आत्या गेली. शोकसभेत बाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "वच्छलाबाई आमच्या घरच्यासारख्या होत्या." त्या घराचं दार आत्यानं आतून कधी पाहिलं नव्हतं, आणि सभेत हे उठून म्हणणारी मी एकटी निघाले. मला खाली बसवण्यात आलं.

तिचं नाव मी वर टाकलं आहे. उरलेलं काम तुमचं. पुढच्या मेळाव्यात गोधडी उचलाल तेव्हा कोपरा उलटून पाहा. तिथं कापलेले दोरे दिसले, तर ती कोणी शिवली ते विचारा. "आमच्या गटानं" एवढ्यावर गप्प बसू नका. पडद्यामागे कोणीतरी घड्या घालत बसली असेल. तिला बाहेर बोलवा, आणि तिनं आपलं नाव सांगेपर्यंत तिथून हलू नका.