भीतीसकट उंबऱ्याच्या आत

खरं सांगते, त्या वर्षी मी देवापेक्षा शेजारणीच्या शिंकेला जास्त भीत होते. लिहायला लाज वाटते. पण कृपेचा अनुभव तेवढा सांगायचा आणि आपला मूर्खपणा गाळायचा, हे काही बरं नव्हे. दुष्काळ सरून दुसरं का तिसरं वर्ष असेल. सोलापुरात फ्लूची साथ आली होती. आमच्या शुक्रवार पेठेतल्या गल्लीत एक घर उठून बसलं की दुसरं आडवं व्हायचं. ताप, अंगदुखी, खोकला. बहुतेक माणसं पाच-सहा दिवसांत बरी होऊन कामाला लागत. डॉक्टर सांगायचे, तोंडावर फडकं धरा, हात धुवा, आजाऱ्याचं भांडं वेगळं ठेवा, एवढं पुरे. पण ‘एवढं पुरे’ हे माझ्या स्वभावातच नाही.

भ्यायला कारण नव्हतं असं नाही. आमचे हे गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते. वीस वर्षं कापसाची धूळ नाकातोंडात जाऊन छातीला दमा लागलेला. थंडीच्या दिवसांत चार पायऱ्या चढले तरी भिंतीला हात लावून उभे राहायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यांना फ्लू होऊ देऊ नका, छाती धरेल. मूलबाळ आम्हाला नाही. ते आणि मी, एवढाच आमचा संसार. त्यातून ते गेले तर मी राहून काय करू? उठता-बसता हाच विचार.

आणि दुसरं एक होतं, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी सोळा वर्षांची असताना आमच्या गावात, अक्कलकोटच्या बाजूला, अशीच साथ आली होती. धाकटी बहीण तापानं आतल्या खोलीत पडलेली. आईनं मला बजावलं होतं, आत पाऊल टाकायचं नाही. आई विहिरीवर गेली आणि आतून हाक आली, “अक्का, नीर कोड.” अक्का, पाणी दे. घरात आम्ही कानडीच बोलायचो. मी दाराच्या अलीकडे उभी राहिले. आत गेले नाही. आई आली, तिनं पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी बहीण गेली. माझ्या पाण्यानं ती वाचली नसती, हे मला कळतं. पण हाक मला होती.

तर अशी मी. साथ आली तशी मी घराचा दवाखाना करून टाकला. फरशीला रोज दोनदा फिनेल. गवळ्यानं दूध लांबूनच ओतायचं. भाजी मिठाच्या पाण्यात, कपडे सोड्याच्या पाण्यात. पदराला कापराची पुरचुंडी. हे गिरणीतून आले की दारातच कपडे उतरवायला लावायची. ते म्हणायचे, “अगं, एवढं घासून पुसून मला काय पुन्हा बोहल्यावर उभा करतेस काय?” मी हसायची नाही. गल्लीतल्या पोरी माझ्यामागं ‘फिनेलकाकू’ म्हणायच्या, ते ऐकू यायचं. म्हणा, म्हटलं. तुमच्या नवऱ्यांच्या छात्या चांगल्या आहेत.

आम्ही लिंगायत. आमच्यात ज्याच्या त्याच्या गळ्यात इष्टलिंग असतं. लहानसं दगडी लिंग, त्यावर काळा तुळतुळीत लेप, चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधायचं. रोज ते तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि पूजा होईस्तोवर पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही. लहानपणापासून ऐकत आले होते की ज्याच्या अंगावर लिंग, त्याला विटाळ नाही. जन्माचा नाही, मरणाचा नाही, उष्ट्याचा नाही, जातीचा नाही. आणि एवढं सगळं ऐकून मी फ्लूचा नवा विटाळ काढून बसले होते. आमच्या घराचे मठपती स्वामी, सत्तरीचे जंगम, म्हणजे आमच्यातले गुरू, दर सोमवारी यायचे. त्यांच्या पायाचं तीर्थ घ्यायची आमची रीत. मी खिडकीतूनच सांगायला लागले, “स्वामी, आज पाहुणे हायत.” एक सोमवार झाला, दोन झाले. तिसऱ्या सोमवारी ते नुसतं हसले, “पाहुणे लई दिवस ऱ्हायले की,” म्हणाले आणि गेले. पुढच्या सोमवारी आलेच नाहीत. कळलं की स्वामी आणि त्यांच्या बायको, आमच्या अम्मा, दोघंही फ्लूनं पडलेत. मी मनात म्हटलं, बरं झालं मी तीर्थ घेतलं नाही ते. असं म्हटलं मी, खोटं कशाला सांगू?

त्याच आठवड्यात नळावर रांगेत उभी होते. पुढे शेजारीण, तिच्या कडेवर वर्षाचं लेकरू. मी तोंड फिरवून उभी, तेवढ्यात त्या लेकरानं हात घालून माझ्या गळ्यातली डबी धरली आणि थेट तोंडात घातली. चोखलीसुद्धा. शेजारीण हसली, “बघा, देवाचा भक्त!” मी घागर तिथंच टाकून घरी आले. संध्याकाळी कळलं, लेकराला ताप चढलाय. झालं! रात्र कशी काढली ते माझं मला माहीत. सकाळी हे पहिल्या पाळीला गेले आणि मी चुलीवर पाणी ठेवलं, त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला, आणि डबी उकळायला घातली. मग वाटलं, झाकणाच्या फटीतून थुंकी आत गेली असेल तर? लिंगही टाकलं. ज्या हातानं वीस वर्षं त्याला बेल वाहिला, त्याच हातानं टाकलं.

थोड्या वेळानं पाहिलं तर पाणी शाईसारखं काळं झालेलं. चिमट्यानं लिंग काढलं. लेप गेला होता. हातात एक लहानसा, राखाडी, उघडा खडा होता.

मी खाली बसले. आमच्यात लिंगाला इजा होणं म्हणजे काय, हे दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. जुन्या काळी अशा वेळी माणसं जीव द्यायची म्हणतात. मला रडूही येईना. पूजा कशाची करू? आणि पूजा नाही तर पाणी नाही. दुपारी तीनला हे आले तेव्हा चूल थंड आणि मी तशीच बसलेली, ओठ सुकलेले. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील, नाहीतर चिडतील. ते माझ्याजवळ खाली बसले आणि म्हणाले, “स्वामींकडं जा.” आमच्या भागात तो लेप करणारे तेच होते, आणि लग्न होऊन आले तेव्हा माझ्या गळ्यात हे लिंग त्यांनीच बांधलं होतं.

“त्यांच्या घरात फ्लू हाय,” मी म्हटलं. “मी घेऊन आले आणि तुम्हाला झाला तर? तुमची छाती...”

“माझी छाती माझ्यापाशी ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. “माझ्या नावानं तू घरात बसायचं न्हाय. तू उपाशी मरतीस आणि कारण मी, हे मला चालायचं न्हाय बघ.”

मी गेले. लिंग धुवट फडक्यात गुंडाळून छातीशी धरलं होतं. स्वामींचं घर दोन बोळ ओलांडून. दार अर्धं उघडं. आतून दोघांचाही खोकला येत होता, एकाचा थांबला की दुसऱ्याचा. मी पायरीखाली उभी राहिले. अम्मांचा बारीक आवाज आला, “कोण हाय?” पायरी एकच होती, पण माझा पाय उचलेना. हे एकेका श्वासासाठी धडपडताहेत असं डोळ्यांपुढं दिसायला लागलं. मनात म्हटलं, सिद्धरामेश्वरा, मला जमत नाही. मी परत जाते. तुझं लिंग मी उकळलं, तुझ्या माणसांना दारातून घालवलं, आता पाणीही नको मला. मी वळलेही.

वळले तर समोरून एक बाई लगबगीनं येत होती. मुसलमान, चाळिशीची, डोईवर पदर, हातात फडक्यानं धरलेलं पितळी पातेलं, वर वाफ. माझ्याकडं पाहिलं न पाहिलं आणि पातेलं माझ्या हातात ठेवलं. “जरा पकडो बाई, हाथ जलरा मेरा. अब्बी आती मैं.” आणि बोळाच्या तोंडाकडं निघूनही गेली.

मी ज्वारीच्या पेजेचं पातेलं धरून उभी! पाच मिनिटं झाली, दहा झाली, बाई येईना. पेज निवायला लागली. आता काय करावं? पायरीवर ठेवावी तर बोळात कुत्री. घेऊन जावी तर आजाऱ्याच्या तोंडचा घास पळवल्यासारखं. आतून अम्मांनी पुन्हा विचारलं, “पेज आली काय?” आणि मी म्हटलं, “आली, अम्मा.” पदर नाकातोंडावर ओढला आणि आत गेले. धीर आला म्हणून गेले असं मुळीच नाही. हातात पेज होती आणि आतली माणसं भुकेली होती, एवढंच.

आत दोन अंथरुणं. स्वामींचा चेहरा ओळखू येईना इतका उतरलेला. अम्मांना उठवून बसवलं, पेज पाजली. मग स्वामींना. मुसलमानाच्या घरची पेज जंगमाच्या घरात कशी, असं माझ्या मनात आलंच, ते अम्मांनी ओळखलं. “भुकेला जात न्हाय बघ,” म्हणाल्या. मग मी फडकं सोडलं आणि स्वामींपुढं धरलं. खाली मान घालून सगळं बोलले. लेकरू, सोडा, उकळतं पाणी, आणि नसलेले पाहुणेसुद्धा.

स्वामींनी खडा उलटसुलट करून पाहिला. मी शिव्या खायला तयार होते. ते खोकत खोकत हसायलाच लागले. “लई कडक पाण्यानं न्हाऊ घातलंस की गं त्याला! अंगरखा गेला. आतला हाय तसा हाय.” हात थरथरत होते, लेप करण्याजोगे नव्हते. म्हणाले, “मी उठल्यावर करतो. तवर अशीच पूजा कर. हितंच बस, आत्ताच कर. तोंड बघ किती सुकलंय.” मी कोपऱ्यात बसून त्या उघड्या दगडाची पूजा केली. झाल्यावर रीतीप्रमाणे त्यांच्या पायांकडं तांब्या नेला, तर त्यांनी पाय मागं घेतले. “आज माझ्या पायाचं तीर्थ नको. मला ताप हाय. घरात दम्याचा माणूस हाय तुझ्या. जपावं की! लिंगाचं तीर्थ घे तू.” मी ज्यांना खोटं सांगून दारातून परत पाठवलं, ते माझ्या नवऱ्याची छाती आठवत होते. आतापर्यंत न आलेलं रडू तेव्हा आलं. अम्मा अंथरुणातून म्हणाल्या, “अंजब्याड, अंजब्याड.” भिऊ नको, भिऊ नको. त्या पाण्याची चव मी अजून विसरले नाही.

पुढं आठवडाभर मीच पेज करून रोज नेत होते. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच सांभाळलं. नाकातोंडावर फडकं, आल्यावर अंघोळ, ह्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत. शेवटी मलाही ताप आलाच. चार दिवस अंग मोडून निघालं. ज्याला मी एवढी भ्याले तो हाच काय, असं वाटलं. हे दाराबाहेर पाणी ठेवायचे, लांब बसून माझ्याशी बोलायचे, खिचडी करपवायचे. त्यांना फ्लू झाला नाही. का झाला नाही, मला माहीत नाही. झाला असता तर काय झालं असतं, तेही माहीत नाही. देवानं वाचवलं असं मी ठासून म्हणत नाही, कारण माझ्या बहिणीला का नाही वाचवलं, हे मग कुणीतरी विचारेल आणि मला उत्तर देता येणार नाही. स्वामी आणि अम्मा उठले. महिन्याभरानं स्वामींनी स्वतःच्या हातानं लेप करून लिंग माझ्या गळ्यात पुन्हा बांधलं.

पातेलं माझ्याकडंच राहिलं होतं. ते घासून, त्यात गूळ-शेंगदाणे घालून, मी त्या बाईचं घर शोधत गेले. ती गोधड्या शिवायची. मला वाटत होतं, ही मोठी धीराची बाई. अख्खी गल्ली लांब पळत असताना परक्या माणसांच्या आजारपणात रोज आत जाऊन पेज पाजत होती. मी तिचे हात धरले आणि तसं बोललेही.

ती ओशाळली. “नै बाई,” म्हणाली, “मैं अंदर कब्बी गईच नै. घर में छोटी पोट्टी है, बहोत डर लगता था. रोज पायरी पे रखके कडी बजाती, और भागती.”

“मग त्या दिवशी?”

“उस दिन तुम खडे थे ना दरवाजे पे. मैं समजी, ये बाई हिम्मतवाली है, अंदर जारी है. इसलिए तुमारे हाथ में दी.”

मी तिच्या गोधड्यांच्या ढिगावर बसले आणि हसता हसता रडले. तीही रडली, का ते तिला नीट कळलंही नसेल. आजही कुणाच्या घरी साथीचं आजारपण असलं की मला भीती वाटते. पदर नाकाला जातो, साबण हातात येतो. पण मी जाते. शरण जायचं तर आधी भीती गेली पाहिजे, असं मी इतकी वर्षं धरून बसले होते. ती काही जात नाही. तिला घेऊनच जावं लागतं.

त्या दिवशी स्वामींच्या दारात एकही धीट माणूस नव्हतं. एक भित्री दारातून पळून गेली आणि दुसरी पळायला वळली होती. तरी दोन म्हातारी माणसं गरम पेज जेवली, आणि मला पाणी मिळालं. हे कुणी घडवलं ते मी विचारत नाही. हात जोडते.