नायलॉनचे बुश

परवा टायरच्या दुकानात नव्या रबराचा वास आला आणि जिंतूरचं ते गॅरेज आठवलं. तेव्हा मी बियाण्यांचा फिरता विक्रेता होतो. माझ्या जुन्या फियाटचं इंजिन हौसेनं चांगलंच वेगवान करून घेतलं होतं, पण चाकांच्या सांध्यांत धक्के झेलणाऱ्या कड्या, म्हणजे बुश, झिजल्यामुळं वळणावर गाडी डुलायची. मेस्त्री म्हणाले, "रबराचे टाकले तर गाडी मऊ चालंल. नायलॉनचे टाकले तर वळणावर हलायची न्हाई, पण खड्डा हाडात लागंल. गाडीत रोज कोण बसतं?" येरझाऱ्या घालता घालता मी म्हणालो, "मीच." खरं तर सातवा महिना लागलेल्या बायकोला मी रोज चारठाण्याच्या शाळेत सोडायचो. नायलॉनचे बुश बसले. दुसऱ्या सकाळी वळणं झकास गेली, पण पुढं फुटलेला रस्ता लागला. पोटावर हात धरून ती म्हणाली, "थांबवा. मी पायी जाते." ती चालत राहिली आणि मी पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागं विनवण्या करत राहिलो. तिनं वळून पाहिलं नाही. दुपारीच मी रबराचे बुश बसवून घेतले, तरी बाळंतपणापर्यंत ती एसटीनंच गेली. मुलगी सुखरूप झाली. परवा घरी आल्यावर इतक्या वर्षांनी मी बायकोला विचारलं, "एसटी काय कमी हादरायची?" ती म्हणाली, "लय हादरायची. पण खराब रस्ता आला की ड्रायव्हर मागं वळून विचारायचा, बाई, हळू घेऊ का?"