मूळ पेशी आणि अक्काचा प्रश्न

परवाचा रविवार, जळगाव. हजर: मी, माझा मोठा भाऊ, वहिनी आणि धुळ्याहून आलेली अक्का, आम्हा भावंडांत थोरली. विषय एकच: ते नवं इंजेक्शन घ्यायला भाऊला नाशिकला न्यायचं की नाही. दाखल व्हायचं बुधवारी.

भाऊला अस्थिमज्जेचा कॅन्सर आहे. मोठ्या केमोआधी त्याच्याच मूळ पेशी रक्तातून काढून ठेवायच्या आणि नंतर परत द्यायच्या, असा बेत. मागच्या खेपेला पेशी हाडातून रक्तात पुरेशा आल्याच नाहीत, म्हणून आता त्यांना बाहेर काढणारं हे नवं इंजेक्शन. अक्काने हे धरणगावच्या मावशीला फोनवर सांगितलं, त्यातलं ‘मूळ’ तेवढं मावशीला ऐकू गेलं. तेव्हापासून घरात मूळव्याधीवरचे सुरण येऊन पडताहेत.

“आता चारचौघांत जपून बसतो,” भाऊ म्हणाला, “मावशीचं मन राहील.”

मी डॉक्टरांकडून ऐकलेलं सांगायला घेतलं. पेशीच्या अंगावर एक रिसेप्टर असतो. मज्जेतून येणारा इशारा तो पकडतो, म्हणून पेशी तिथेच थांबते. औषध त्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, इशारा पोचत नाही, पेशी रक्तात उतरते. रोगाशी लढणाऱ्या पेशींनाही कुठे थांबायचं ते त्याच रिसेप्टरमुळे कळतं. इथे मीच अडखळले. मग त्या भरकटल्या तर? परिणाम थोडाच वेळ राहतो, असं डॉक्टर म्हणाले होते. एवढंच आठवलं.

अक्का शेंगा सोलत ऐकत होती. “ज्या खराब शेतस, त्या बी हाडमाच ना? मंग त्या बी बाहेर येतीन का? आनि गोळा व्हतीन का चांगलासंगे?”

कॅन्सरच्या पेशीही हाडातच असतात, मग त्याही रक्तात येऊन चांगल्यांबरोबर गोळा होतील का, असं ती विचारत होती. मी डॉक्टरांसमोर इतका वेळ बसले, पण हे काही मला सुचलं नव्हतं.

“याचं उत्तर आल्याशिवाय मी बॅग भरत नाही,” भाऊ म्हणाला.

“आजवर कधी भरलीत?” वहिनी म्हणाली. पण काढलेले कपडे तिने परत कपाटात ठेवले.

काल दवाखान्यात फोन केला, तेव्हा डॉक्टर राउंडवर होते. आज सकाळी नर्स म्हणाली, निरोप ठेवा. हा प्रश्न निरोपात कसा सांगायचा ते मला कळेना, म्हणून फोन ठेवला. मंगळवारची दुपार झाली आहे, आणि प्रश्न अजून विचारायचाच आहे.